पहिलं कोणी बसायचं

६ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. साष्टांग घालायला वाकले तर आज पाठ तिथेच राहील, म्हणून उभ्यानंच करते. गोड मानून घ्या.

फोन का केला नाही म्हणून रागावू नका. तुम्हीच म्हणालात ना, की फोनवर आपलं बोलणं तुमच्या भावाच्या गुडघ्यांपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं? तर गुडघे बरे आहेत. आता माझी बातमी. मला काम मिळालं!

आमच्या गल्लीच्या टोकाला खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवणारा कारखाना आहे. कारखाना कसला, एक लांबलचक खोली. आत शिरलं की आधी सांगाडेच दिसतात. बिनकपड्यांच्या खुर्च्या पोटातल्या स्प्रिंगा दाखवत रांगेनं उभ्या. मालकीणबाईंना सगळे थोरल्या बाई म्हणतात; वयानं त्या माझ्याहून धाकट्या असतील, पण म्हणतात. कापड कापतात ते कातरकाका. स्प्रिंगा बांधते ती स्प्रिंगताई, आणि स्वभावही तसाच, दाबली की उसळते. चौथे स्टूलकर. हे आडनाव नव्हे. चहाच्या वेळी ते कायम स्टुलावर बसतात, म्हणून. पाठीचं काहीतरी दुखणं असावं बिचाऱ्यांना.

गंमत म्हणजे काम चालू असताना इथे कुणी बोलत नाही. बोलणार कसे? प्रत्येकाच्या तोंडात बारीक खिळे. एकेक खिळा जिभेनं ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि ठोकायचा. मला पहिल्या दिवशी वाटलं, आज हॉस्पिटल नक्की. आता जमतं. त्यामुळे इथली भाषा हातोडीची. एक ठोका म्हणजे ‘इकडे बघ’. दोन ठोके म्हणजे ‘ये, बस’. घशातून लांब ‘हंऽऽ’ आलं तर होकार, आणि तुटक ‘हं’ आलं तर ‘करून तर बघ!’ तुमच्या भावाला हे फार आवडलं. म्हणाले, घरीही चालू कर.

एकच गोष्ट मला कळत नाही. चहाच्या कोपऱ्यात खुर्च्या आहेत, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. एक पिवळीजर्द, एक चट्ट्यापट्ट्यांची, थोरल्या बाईंची तर एका अंगाला कललेली. गावाला राजेशाही सोफे पुरवणाऱ्यांनी स्वतः असल्या खुर्च्यांत बसावं! मी आपली खोक्यावर बसते. परवा पिवळीवर टेकले, तर तिघांनी एकदम वर बघितलं. मुकाट्यानं उठले.

थोरल्या बाई म्हणाल्या आहेत, ‘मार्चअखेरपर्यंत बघू.’ म्हणजे तोवर मी उमेदवार. वन्सं, तुमच्या भावाच्या बदल्यांमागे मी किती गावं केली ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक गावात पडदे शिवले, शेजारणींची नावं पाठ केली, आणि पडदे काढले. ही बदली शेवटची. आता कुठेतरी मी नसले तर कुणाला चुकल्यासारखं वाटावं, एवढंच मनात आहे. या वयात हे लिहायची लाज वाटते, पण तुमच्यापाशी नाही लिहायचं तर कुणापाशी?

तुमची वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

आशीर्वाद मागेच दिलेत, ते पुरवून वापर. दर पत्रात नवे कुठून आणू?

तुझं पत्र वाचून मी टाळी वाजवली, आणि मग माझा स्वार्थ जागा झाला. तुला सांगितलं नव्हतं, मी पाठ्यपुस्तक लिहितेय. समाजशास्त्र, पहिलं वर्ष. दुसरं प्रकरण ‘संस्कृती: अर्थ आणि घटक’. लिहून झालं, वाचायला घेतलं, आणि मलाच डुलकी लागली. संपादकांनी समासात लिहिलंय, ‘बाई, यात माणसं कुठे आहेत?’

तर तू मला माणसं दे. गाणं, चित्रं, जुनी देवळं म्हणजे संस्कृती, असं पोरांच्या डोक्यात असतं. तसं नाही गं. चार माणसं एका खोलीत वर्षभर राहिली की तिथे संस्कृती तयार होते. त्यांची हत्यारं असतात, खुणा असतात, भाषा असते. काय चांगलं आणि काय वाईट हे त्यांचं ठरलेलं असतं, न बोलता. त्यावरून रीती निघतात. आणि कुणी रीत मोडली की काय करायचं, हेही ठरलेलं असतं. यातलं काहीच कुणी पोटातून शिकून येत नाही. सगळं इथेच शिकायचं, आणि मागून येणाऱ्याला द्यायचं. तुझी हातोडीची भाषा मी तर आत्ताच चोरली आहे.

वर्गात मी आपल्या घरचं एक उदाहरण द्यायचे. आईची कापडाची कात्री. तू नवी नवी आलेली असताना त्या कात्रीनं कागद कापलास! आई एक अक्षर बोलली नाही. पण घरात चमचा पडला तरी दचकायला व्हावं अशी शांतता. तुला कुणी नियम सांगितला होता का? नाही. नियम असाच असतो, मोडेपर्यंत दिसत नाही. ती कात्री पुन्हा आईच्या हातात दिसली नाही. धार गेली म्हणून टाकलीच असणार तिनं.

तेव्हा जपून. आणि डोळे उघडे ठेवून बघ, आणि सगळं लिही. तोंडात खिळे असतील, पण हात मोकळे आहेत ना?

तुझी नणंद
(जिला तू अजून ‘वन्सं’ म्हणतेस आणि त्यामुळे मला उगाच नाटकात काम केल्यासारखं वाटतं.)


२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही नाटकातल्याच आहात, फक्त तिकीट नाही. म्हणून ‘वन्सं’च म्हणणार.

घ्या तुमचा माल. ज्याच्या त्याच्या हातोडीच्या दांड्याला एकेक चिंधी गुंडाळलेली आहे. कातरकाकांची पिवळी, ताईची चट्ट्यापट्ट्यांची. दुसऱ्याच्या हातोडीला कुणी बोट लावत नाही. माझी आणि स्टूलकरांची बोडकी आहे. त्यांची का बोडकी, विचारलं तर ते म्हणाले, ‘आमची तशीच,’ आणि तोंडात खिळे भरले. म्हणजे विषय संपला.

दुसरं. खुर्चीच्या पोटाखाली, जिथे कधी कुणी बघणार नाही, तिथलं कापडही वरच्याइतकंच ताणून बसवायचं. मी म्हटलं, कोण बघणार आहे? कातरकाका म्हणाले, ‘आपण बघितलंय ना?’ झालं. दोन तास उसवत बसले.

तिसरं म्हणजे इथली तपासणी. खुर्ची तयार झाली की खोलीच्या मधोमध ठेवतात. दोन ठोके. कुणीतरी जाऊन तिच्यात बसतं, डोळे मिटतं, आणि एक दोष सांगतं. एकच, आणि खरा. स्तुती करायची नाही. मी एकदा म्हटलं ‘छान आहे’, तर ताई उसळली, ‘बसायला आलात की सोयरीक जमवायला?’ आता मी ‘मानेपाशी भरण कमी’ असं तोंड वाकडं करून सांगते, आणि सगळे खूश होतात. काय एकेक तऱ्हा!

आणि मोठी बातमी. पुढच्या आठवड्यात एक खुर्ची मी एकटी करणार आहे. सांगाड्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत. उंच पाठीची, निळं कापड. मला झोप येत नाही.

तुमची वहिनी


७ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत चार ओळी. तू ज्याला तपासणी म्हणतेस ती मला नुसती तपासणी वाटत नाही. दोन ठोके, डोळे मिटणं, एकच दोष, हे जरा जास्तच नेमकं आहे. एक बघून ठेव. जिनं खुर्ची केली ती स्वतः कधी बसते का? मला वाटतं नसावी. तुझी निळी झाली की आधी जरा थांब आणि इतर काय करतात ते बघ. मोठ्या नणंदेचं एवढं ऐक.

तुझी नणंद


१० फेब्रुवारी

वन्सं,

इथला माझा शेर संपला असं दिसतंय.

आज दुपारी निळी पुरी झाली. शेवटचा खिळा बसला, मी तिला ओढत मधोमध नेली आणि कापडावरून हात फिरवला. पाय दुखत होते, पण खोटं कशाला बोलू, पाय दुखले म्हणून नाही. मला बसावंसं वाटलं. म्हणून बसले. वन्सं, काय सांगू! आपण बांधलेल्या स्प्रिंगा आपल्याच पाठीला लागल्या, आणि मी लहान पोरीसारखी हसले.

हातोड्या थांबल्या. तिघांनीही तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले. काम चालू असताना हे मी कधी बघितलेलं नाही. कुणी रागावलं नाही. कुणी काही बोललंच नाही. थोरल्या बाई आणि कातरकाका उठले, मला हातानं ‘ऊठ’ केलं, निळी उचलली आणि पार टोकाच्या कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. शाळेत कोपऱ्यात उभं करतात ना, तशी. मग कातरकाकांनी त्याच गिऱ्हाइकासाठी नवं निळं कापड कापायला घेतलं. माझी खुर्ची बाद.

घरी येऊन रडले. तुमच्या भावानं चहा केला. साखर विसरले, पण केला.

ता. क. पत्र टाकायला निघाले तर दारात तुमचं पत्र. ‘जिनं केली ती स्वतः बसते का ते बघून ठेव’! वन्सं, बघितलं. अगदी जवळून बघितलं.


१७ फेब्रुवारी

वहिनी,

मला फार वाईट वाटलं, आणि पोस्टाचा फार राग आला.

पण घाबरू नकोस. आता हे नीट समजून घे. रीती दोन जातीच्या असतात. एक मोडली तर लोक हसतात आणि विसरतात. दुसरी मोडली तर त्यांच्या मनाला लागतं, कारण तिच्याखाली त्यांचं काहीतरी मोलाचं असतं. आपल्या कामाचा निवाडा आपण करू नये, हे तिथलं मोलाचं. तू ते पायदळी... म्हणजे बुडाखाली घेतलंस. मग शिक्षा आली. ओरडणं नाही, नुसती शांतता आणि भिंत. आईच्या कात्रीची शांतता आठव. अगदी तीच.

अशा वेळी गप्प बसणारा गुन्हेगार ठरतो. तू चौघांसमोर सरळ माफी माग. चहाच्या वेळी, उभं राहून, मोजक्या शब्दांत. चूक कबूल केली की समूह माणसाला परत आत घेतो. हे पुस्तकातलं आहे, पण खरं आहे.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पुस्तक तुमच्यापाशीच ठेवा.

चहाच्या वेळी उभी राहिले. घरी आरशासमोर पाठ केलं होतं. ‘माझ्या हातून आपल्या परंपरेचा अवमान झाला,’ असं म्हणाले. परंपरा आणि अवमान! तुमच्या संगतीनं माझी भाषा बिघडली. स्प्रिंगताईला ठसका लागला, ती तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. कातरकाका छताकडे बघत राहिले. छतात बघण्यासारखं काही नाही. थोरल्या बाई म्हणाल्या, ‘असू दे, चहा गार होतोय.’ आणि स्टूलकर बसल्या जागेवरून मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, ‘नशीब असतं एकेकाचं.’ त्यांच्यासारख्या गरीब माणसालाही माझी कीव आली, म्हणजे बघा.

निळी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिच्या पोटाखालचं कापडही कुणीतरी काढून ठेवलंय. उकलून दुसरीकडे वापरणार असतील. तिच्याकडे बघवत नाही. तिच्यावरची धूळ मात्र मी रोज झटकते, कुणाचं लक्ष नसताना. झटकते म्हणजे झटकत होते. अलीकडे मी जायच्या आतच कुणीतरी झटकलेली असते.

तुमचे भाऊ म्हणतात, सोडून दे. मी म्हटलं, मार्चअखेरपर्यंत शब्द दिलाय. जायचंच तर पुढच्या खुर्च्या चांगल्या करून जाईन. आणि राग येतो तो याचा, की काम मला अजूनही आवडतं.

तुमची वहिनी


५ मार्च

वहिनी,

माफीचा सल्ला परत घेते. हसू नको म्हणणार होते, पण ‘परंपरेचा अवमान’ वाचून मी स्वतःच इतकी हसले की शेजारच्या बाई बघायला आल्या.

आता माझं ऐकू नकोस, फक्त मला दोन गोष्टी सांग. ज्या खुर्चीवर राग आहे तिची धूळ कोण झटकतं? आणि दुसरं, तुझं सहा जानेवारीचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. सोफे करणाऱ्या माणसांच्या चहाच्या कोपऱ्यात एकसारख्या चार खुर्च्या का नाहीत? पिवळी खुर्ची कुणाची? आणि पिवळी चिंधी कुणाच्या हातोडीला? मला उत्तर माहीत नाही. पण माणसं अशा गोष्टी उगाच करत नाहीत.

मी मात्र तुझी निळी प्रकरणात घातली आहे. नाव-गाव नाही, काळजी नको. प्रकरण एकदम जिवंत झालं. काल ते वाचायला द्यायला कॉलेजात गेले होते. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची माझी खुर्ची होती ना, तिच्यात एका नव्या मुलाची बॅग बसली होती. बॅग चांगली होती. मी उभ्याउभ्याच कागद दिले आणि आले. रिटायर झाल्यावर माणसानं उभ्याउभ्याच जावं, चालायला तेवढंच बरं.

तुझी नणंद


३१ मार्च

वन्सं,

मुद्दाम इतके दिवस लिहिलं नाही. तुमचे प्रश्न वाचल्यावर मी चहाच्या वेळी वर बघायला शिकले. पिवळी कातरकाकांची. चिंधीही त्यांचीच. चट्ट्यापट्ट्यांची ताईची. मला अंदाज आला, पण धीर झाला नाही. उगाच आशा लावून घ्यायची आणि तोंडघशी पडायचं, ते नको वाटलं.

आज शेवटचा दिवस. चहाची वेळ झाली. मी खोक्याकडे निघाले, तर खोकं जागेवर नाही. आणि दोन ठोके. वळून बघते तर चहाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून, निळी! पोटाखाली नवं कापड बसवलेलं. चौघांनी एकेक बाजू ठोकली होती. एक बाजू जरा सैल आहे, ती थोरल्या बाईंची. त्यांना खिळे ठोकणं जमत नाही हे इथलं उघड गुपित आहे. आणि माझ्या हातोडीला निळी चिंधी.

वन्सं, प्रत्येकानं हेच केलं होतं! पिवळी ही कातरकाकांची पहिली खुर्ची. करून झाल्यावर न राहवून बसले. ताई बसली. कललेली खुर्ची म्हणजे थोरल्या बाईंची पहिली आणि शेवटची. त्यांच्या वडिलांनी मग त्यांना हिशेबाला बसवलं. जिच्यात करणारा आधी बसला ती खुर्ची गिऱ्हाइकाला जात नाही. ती त्याचीच. फक्त मुदत संपेपर्यंत सांगायचं नाही. ताई म्हणाली, ‘तुम्ही अवमान म्हणालात तेव्हा मी फुटले असते हो!’

मी थोरल्या बाईंना विचारलं, मग नियम तरी कशाला? त्या म्हणाल्या, ‘नियम खराच आहे. आपलं काम आपल्याला बरंच वाटतं, म्हणून दोष दुसऱ्यानं सांगायचा. पण पहिली खुर्ची करून जिला तिच्यात बसावंसंच वाटलं नाही, तिला हे काम आवडलं कसं म्हणायचं?’

आणि स्टूलकर! त्यांच्या पाठीला काही झालेलं नाही. त्यांचा मेव्हणा आधी इथे कामाला होता. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, ‘चुकूनसुद्धा बसू नकोस.’ ते बसले नाहीत. नंतर सगळं कळल्यावर मुद्दाम बसून बघितलं, पण मुद्दाम बसलेलं इथे धरत नाहीत. म्हणून बिचारे अजून स्टुलावर. तुमचं पत्र एक दिवस आधी आलं असतं तर खोकेकर म्हणून माझं आयुष्य गेलं असतं. पोस्टाला माझ्यातर्फे नमस्कार सांगा.

आता एक मागणं आहे. निळी तुमच्या पुस्तकातून काढा. रागावू नका. पुस्तक पोरं वाचतील, त्यातलं एखादं उद्या आमच्याकडे कामाला येईल, आणि त्याला आधीच माहीत असेल. मग त्यालाही स्टूलच.

आणि आईंच्या कात्रीचं तुम्ही चुकीचं सांगता. ती टाकली नव्हती. काही दिवस गेल्यावर आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून ती हातात दिली. म्हणाल्या, ‘आता ही तुझी. मी माझ्यासाठी नवी आणते.’ तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. मी धार लावून घेतली. प्रत्येक गावात ती माझ्याबरोबर होती. आज कारखान्यात माझ्या खिळ्याला तीच लटकते आहे.

मी राहिले, वन्सं. मला फार बरं वाटतंय.

तुमची वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

आधी आनंद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुझ्या नवऱ्याला फोन करून त्याच्या गुडघ्यांची चौकशी न करता थेट अभिनंदन केलं. तो गोंधळला.

मग राग. निळी काढा म्हणे! संपादक म्हणाले होते, ‘बाई, या दोन पानांवर पुस्तक तरेल.’ तीन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. गावाचं नाव नाही, कारखान्याचं नाव नाही, कोण ओळखणार? मग स्टूलकर डोळ्यांसमोर आले. नियम मोडायचा कधी हे सांगता येत नाही, आणि सांगितलं की तो मोडण्यातला जीव जातो. हे मीच शिकवायचे, की रीत सांगून कळत नाही, राहून कळते. शिकवायला काय जातं! काढली निळी.

तिच्याजागी कात्री घातली. ती आपल्या घरची आहे, तिच्यावर आपला हक्क. इतकी वर्षं वर्गात मी ती अर्धीच सांगत होते. शिक्षा झाली, शांतता झाली, कात्री गेली, आणि घंटा. आता शेवट घातलाय. बिघडवलेली वस्तू नवीन माणसाच्या हातात देऊन ‘ही तुझी’ म्हणायचं, हेही समूहाला येतं. संपादकांनी समासात लिहिलं, ‘हे आधी कुठे होतं?’ मी लिहिलं, ‘वहिनीच्या खिळ्याला.’

आई मला हे कधी बोलली नाही, याचं जरा लागलं. पण कात्री तुझ्याकडे आहे, हे चांगलं झालं.

तुझी नणंद


३ जून

वन्सं,

टेम्पोवाला घाबरवील, पण घाबरू नका. आत खुर्चीच आहे.

बॅगेची गोष्ट तुम्ही विनोदानं लिहिली होतीत. मी विनोदानं वाचली नाही. खिडकीजवळ बसते अशी बांधली आहे, हात रुंद आहेत, म्हणजे वाचताना पुस्तक टेकेल. कापड करडं घेतलं. तुम्ही ‘मला काय शोभतंय’ म्हणणार हे माहीत होतं, म्हणून लाल रंग फक्त शिवणीच्या बारीक कडेपुरता आहे. कापड आईंच्या कात्रीनं कापलंय.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी बसलेली नाही. शपथ. फार वाटलं, पण नाही बसले. इतर कुणालाही बसू दिलं नाही, तुमच्या भावालासुद्धा, आणि ते चारदा घिरट्या घालून गेले. पहिलं तुम्ही बसायचं, डोळे मिटायचे, आणि एक दोष कळवायचा. स्तुती चालणार नाही.

वाट बघते.

तुमची वहिनी


९ जून

वहिनी,

टेम्पोवाला, त्याचा मित्र आणि शेजारच्या बाई अशा तिघांनी मिळून ती वर आणली. शेजारच्या बाई टेकायला लागल्या, तशी मी इतक्या जोरात ‘नाही!’ ओरडले की त्या अजून रागावलेल्या आहेत. समजावून सांगेन. सांगून कळलं तर.

सगळे गेल्यावर मी ती खिडकीजवळ लावली. साडी बदलली, का ते विचारू नकोस. मग बसले आणि डोळे मिटले. दोष शोधायचा होता म्हणून बराच वेळ बसावं लागलं. कॉलेज सुटल्यापासून मी घरात कुठेही बसते, पलंगाच्या काठावर, जेवणाच्या टेबलाशी, आणि लगेच उठते. हे मी कुणाला लिहिलं नव्हतं. एका बॅगेवरून तुला कळलं. मी आयुष्यभर माणसं वाचायला शिकवली, वहिनी, पण मला कुणी असं वाचेल हे ध्यानीमनी नव्हतं. रडले, मग हसले, आणि मग पुन्हा कामाला लागले.

आता दोष. एकच, आणि खरा. डावा हात उजव्याहून थोडा उंच आहे. हे पत्र तिच्यातच बसून, तिच्या दोन्ही हातांवर आडवी पाटी ठेवून लिहितेय, आणि बघ, ओळी उजवीकडे उतरत चालल्यात. बाकी काही बोलत नाही, नाहीतर ताई सोयरीक म्हणेल.

परत पाठवणार नाही. दुरुस्तीला तू इकडेच ये, हातोडी घेऊन, निळ्या चिंधीची. घाईचं काम नाही, चांगली आठवडाभर राहा. तुझ्यासाठी पलंगाशेजारी स्टूल ठेवलंय.

स्टूल थट्टेनं लिहिलं. तू आलीस की तुला या खुर्चीत बसवणार आहे. पहिलं माझं झालं, आता कुणीही बसलेलं चालतं. आत्ता डाव्या हातावर, त्या उंच बाजूला, मी बोटानं दोनदा वाजवलं.

तुझी वन्सं